निवांत, चार ते पाच

उमरखेडला आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहिलो, त्या घरात चहाला उशीर होत नसे. चहा लेट होत असे, आणि लेट होण्याला कारण असे. ते कारण घरमालक एका लांबट वहीत पेन्सिलने लिहून ठेवत. 'चहा, सकाळ. सात मिनिटे लेट. कारण: गॅस संपला.' 'दूधवाला. बावीस मिनिटे लेट. कारण: सांगत नाही.' एकदा मी चोरून पान उलटलं तर माझंही नाव होतं. 'मॅडम, शाळेतून. चाळीस मिनिटे लेट. कारण: मीटिंग म्हणतात.' यातलं 'म्हणतात' मला फार लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि माझा राग त्यांच्या लक्षातच आला नाही.

ते बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. काचेमागे बसायचं, आलेल्या-गेलेल्या गाडीची वेळ लिहायची आणि भोंग्यावरून ती कुठे लागली ते सांगायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. मोहल्ला त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायचा, मी काका म्हणायची. खुर्ची गेली, पण आवाज भोंग्याचाच राहिला. जेवण वाढलं की ते 'ताट लागलं' म्हणत. नळ आला की सगळ्या आळीला ऐकू जाईल असं 'नळ लागला आहे, इकडं लक्ष द्या' सांगत. माझ्या मुलाच्या पहिल्या बोलांत 'लागली' हा शब्द होता, तो त्यांच्यामुळे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पाच वर्षांत त्यांनी घर सोडा असं एकदाही सुचवलं नाही, आणि माझ्या दोन्ही मुलांच्या तापात दवाखान्यात आमच्या आधी जाऊन नंबर लावून ठेवला. फक्त घड्याळाशिवाय त्यांना माणूस दिसत नसे. आणि ज्या एका माणसानं आपल्याकडे पाहावं असं त्यांना वाटत होतं, त्या माणसानं घड्याळाकडेच पाठ फिरवली होती. तो माणूस म्हणजे काकू.

काकू त्यांच्यासोबत गावाबाहेर जात नसत. लग्नाला, मयताला, देवाला, कुठेच नाही. पुण्याचा मुलगा गाडी घेऊन आला की त्याच्यासोबत जात. अकोल्याच्या मुलीकडे भाच्यासोबत जाऊन येत. पण नवरा सोबत असला की त्यांचे गुडघे दुखायचे. काकांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, की हिनं एकदा आपल्यासोबत दोन दिवस कुठेतरी यावं. हे ते कोणाला बोलून दाखवत नसत, पण टेबलाच्या काचेखाली त्यांच्या अक्षरातला एक कागद कायम असायचा: 'दोन माणसे, दोन मुक्काम.' गावाचं नाव दर महिन्याला बदलायचं. माणसं तीच राहायची.

हे सगळं मला उलगडलं ते आमच्या सहलीच्या निमित्तानं.

मे महिना होता. शाळा बंद, मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच. माझे यजमान वीज खात्यात, म्हणजे उन्हाळ्यात ते घरापेक्षा खांबावर जास्त. दिवसभर घरात मी एकटी आणि प्रश्न दोघांचे. आई पाणी, आई हा मारते, आई कूलरमध्ये पाणी कुठून जाते, आई मले भूक नाही, आई मले भूक आहे. एका सकाळी गच्चीवर काकूंना कुरडया घालायला मदत करताना मी म्हणाले, "काकू, मला काही पाहायचं नाही, काही घ्यायचं नाही. दोन दिवस मला कोणी काही विचारू नये, एवढंच पाहिजे."

काकू साचा फिरवत राहिल्या. पण जिन्यातून काकांचा आवाज आला, "दोन दिवस म्हणजे मुक्काम दोन का एक?"

संध्याकाळी काका पेन्सिल घेऊन आमच्या दारात हजर. यजमानांनी तोवर नागपूरची यादी केलीच होती. नऊ ठिकाणं होती तीत. काकांनी ती भोंग्याच्या आवाजात सावकाश वाचली आणि परत दिली.

"साहेब, हे इन्स्पेक्शन आहे. सहल नाई."

"मग काय करायचं?"

"नांदेडले जा."

"नांदेडले? तिथं काय आहे काका? आपण बाजार कराले जातो तिथं."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. तुमचं सारं पाहेल आहे. पाह्याचं राहिलं नाई म्हणजे धावाचं राहिलं नाई. अडीच तासाची गाडी. उन्हाच्या आदी पोचा, उन्हात झोपा, ऊन गेल्यावर बाहेर निघा. दिवसाले एकच गोष्ट. दुसरी गोष्ट आठवली तरी सांगाची नाई."

मला हे एकदम पटलं. इतक्या शहाणपणाची मी त्यांच्याकडून अपेक्षा केली नव्हती. तेवढ्यात त्यांच्या घरातून काकूंचा आवाज आला, "त्याईले इचार, त्याईनं मले किती गोष्टी दाखवल्या होत्या म्हणून."

काका पेन्सिल कानामागे खोचून उठले आणि फिरायला गेले. फिरायला जायची ती वेळ नव्हती.

मग दुसऱ्या सकाळी गच्चीवर काकूंनी सांगितलं. लेकरं लहान होती तेव्हाची गोष्ट, मुलगा सहाचा आणि मुलगी चारची. काकांना चार दिवस रजा मिळाली. असाच मे महिना. नागपूर. काकांनी कागद केला होता, त्यात पाच मिनिटांचेही हिशेब. महाराजबाग, अजब बंगला, टेकडीचा गणपती, तलाव. 'एक पस्तीस ते एक पन्नास, जेवण.' दुसऱ्या दिवशी महाराजबागेच्या फाटकाशी काकू खाली बसल्या.

"चक्कर आली होती का?" मी विचारलं.

"नाई वो. चक्कर कायची. मले बसावं वाटलं. म्हटलं, तुमी वाघ पाहून या, मी इथंच आहो. वीस मिनिटं बसली मी झाडाखाली. लय बरं वाटलं." त्यांनी साच्यात पीठ भरलं. "घरी आल्यावर चार दिवसांनी वही हाती लागली. त्यात लिहेल होतं. सौभाग्यवती, वीस मिनिटे लेट. कारण: बसली."

मला हसू आलं आणि ते मी गिळलं, कारण काकू हसत नव्हत्या.

"भांडण नाई केलं मी. कायले कराचं? पण तवापासून म्हटलं, आता या माणसाच्या गाडीत बसाचं नाई. मी काय हदगावची फेरी आहो का, लेट व्हाले?"

काकांना यातलं काय माहीत होतं? मला वाटतं, सगळं माहीत होतं. कारण त्यानंतर त्यांनी सहलीच्या शास्त्राचा असा अभ्यास केला होता, की मोहल्ल्यातला कोणीही लहान लेकरं घेऊन बाहेर निघाला तर आधी त्यांच्या ओट्यावर येई. दिवसाला एक गोष्ट, हा त्यांचा नियम त्या फाटकाशी शिकलेला होता. दुसरा नियम मोकळ्या गाडीचा. "डेपोत एक गाडी मोकळी ठेवा लागते. एखादी बिघडली की ती लावता येते. तसा दिवसात एक तास मोकळा ठेवा. लेकरू कवा बिघडन, सांगता येत नाई." तिसरा, लेकरू रडलं की फेरी रद्द, वाद घालायचा नाही.

पण शिकलेलं सगळं ते पुन्हा कागदावर वेळ टाकून मांडत. आमच्या नांदेडच्या कागदावर लिहिलं होतं, 'चार ते पाच, निवांत.' मी विचारलं, "आणि मुलगा पावणेपाचला उठला तर?"

"मंग पंधरा मिनिटं निवांत बाकी राहीन ना," ते म्हणाले. त्यांना यात काही विनोदी वाटलं नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी आमची तालीम घेतली. असं कोणी करतं हे मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. अकरा ते पाच आम्ही चौघांनी त्यांच्या समोरच्या खोलीत राहायचं, ती खोली म्हणजे लॉज. सोबत फक्त नांदेडला न्यायची बॅग. आमच्या घराला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात. काही विसरलं असेल तर आत्ताच कळेल, नांदेडला कळून उपयोग नाही, हा त्यामागचा विचार. यजमान म्हणाले, मला ड्यूटी आहे. काकांनी त्यांच्या साहेबांना फोन करून ड्यूटी बदलून घेतली होती.

काकू वेटर झाल्या. पदर खोचून दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय घेसान?"

मुलीनं पिझ्झा मागितला.

"पिठलं आहे," काकू म्हणाल्या, "आन् पिठलंच आहे."

पहिल्या तासात कळलं की मुलगी तिच्या स्टीलच्या पेल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि पेला कुलपात. दुसऱ्या तासात कळलं की मुलगा माझी एक जुनी ओढणी तोंडावर घेतल्याशिवाय झोपत नाही, तीही कुलपात. काका दर वेळी किल्ली घेऊन जात, वस्तू आणत, वहीत लिहीत. एकदा लिहिलेली वस्तू बॅगेतून बाहेर काढायची आम्हाला परवानगी नव्हती. तीनच्या सुमाराला मुलगा झोपला, मुलगी यजमानांच्या पोटावर झोपली, यजमान कूलरसमोर झोपले, आणि मी दिवाणावर जरा टेकले.

जाग आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. बाहेर ओट्यावर काका खुर्ची दारात आडवी लावून बसले होते. माझी मुलगी त्यांच्यापुढे उभी राहून विचारत होती, "आईले एकच गोष्ट विचारू?"

"नाई. मले विचार."

"तुमाले येते का वेणी?"

"नाई येत. पण प्रयत्न करून पाहतो. बस."

मी दारातून पाहिलं. त्या माणसानं वहीची पेन्सिल दातात धरली होती आणि ते दोन्ही हातांनी माझ्या मुलीचे केस तीन भागांत करत होते. तिनाचे चार होत होते. मला रडू आलं. का आलं ते तेव्हा कळलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी दिवसा झोपले होते, एवढं खरं. वहीत लिहिलेलं मी नंतर वाचलं: 'मॅडम, दोन तास दहा मिनिटे.' पुढचा, कारणाचा रकाना कोरा होता.

काकू स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून हे सगळं पाहत होत्या. "लोकाच्या पोरीसाठी दारात बसते हा माणूस," त्या म्हणाल्या. रागानं नाही. नुसत्या म्हणाल्या.

नांदेड चांगलं झालं. सांगण्यासारखं काही झालं नाही, म्हणजे चांगलं झालं. दुपारी पडदे ओढून झोपलो, संध्याकाळी गुरुद्वाराच्या आवारात बसलो. मुलं फरशीवर पळाली, यजमान त्यांच्यामागे पळाले, मी बसून राहिले. दुसऱ्या संध्याकाळी गोदावरीचा घाट, तिथंही तेच. परत आल्यावर काका तास-दोन तास तपशील विचारत राहिले. काकूंनी एकच विचारलं, "झोप लागली का बाई तुले?"

"लागली काकू."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, पण त्या वर्षात तो प्रश्न त्यांनी मला आणखी तीन-चार वेळा विचारला. कधी भाजी निवडताना, कधी कपडे वाळत घालताना. गुरुद्वारात किती वेळ बसू देतात, उठ म्हणत नाहीत का, असंही एकदा विचारलं. काकांच्या काचेखालच्या कागदावर तेव्हापासून गावाचं नाव बदलेना. नांदेडच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी काकूंना म्हणाले, "आमच्यासोबत चला."

"हे येतीन ना मंग."

"येतीलच की."

"मंग मी नाई येत," त्या म्हणाल्या आणि माठ घासायला लागल्या.

आता मी जे केलं ते मला करायला नको होतं. पण माझा स्वभाव मास्तरणीचा. चूक दिसली की तांबडी रेघ मारल्याशिवाय हात राहत नाही. त्याच दिवशी काका ओट्यावर नवा कागद आखत होते, लहान-मोठ्या पाच जणांचा, सहावे स्वतः. मी त्यांना सरळ सांगितलं, "काका, काकूंना यायचं आहे. तुम्ही आहात म्हणून त्या येत नाहीत."

त्यांनी वर पाहिलं नाही. पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतं तरी काढत राहिले.

"त्या बोलल्या का असं?"

"हो."

"असं शब्दात बोलल्या?"

"हो काका."

मग टोकाची भुकटी त्यांनी फुंकून टाकली. मला वाटलं, आता उठतील आणि अवेळी फिरायला जातील. पण ते म्हणाले, "गाडी कायले उभी आहे ते कळत नाई तवा त्रास होते मॅडम. कारण कळलं म्हणजे मंग फेरी काढता येते." आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी त्यांनी नवा कागद माझ्या हातात दिला. आधीच्या कागदांसारखाच आखलेला होता. पण वेळेचा रकाना नव्हता. 'पहिला दिवस. जाणे. झोप. गुरुद्वारा. बसणे. दुसरा दिवस. झोप. वाटलं तर नदी. नाही वाटलं तर नाही. येणे.' सोबत न्यायच्या वस्तू: पेला, ओढणी, काकूंचं गुडघ्याचं तेल. आणि सगळ्यात खाली, मोहोर मारल्यासारखं ठळक करून, 'मी येत नाही.'

मी तो कागद काकूंना वाचून दाखवला. शेवटचं तेवढं वाक्य मी वाचणार नव्हते, पण त्यांनी कागद हातातून घेतला आणि स्वतः वाचलं. मग डबे पुसले, आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागल्या. सकाळी गाडीच्या वेळेला त्या नवं पातळ नेसून ओट्यावर उभ्या होत्या.

बसस्थानकावर काका पोचवायला आले. जागा धरून दिली, खिडकीवर ओला टॉवेल लावून दिला. त्यांच्या जागी आता काचेमागे दुसरा कोणी बसला होता, त्याला त्यांनी आमची गाडी वेळेत सोडायला सांगितलं. गाडी हलली तेव्हा त्यांचा हात सवयीनं मनगटाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. तो त्यांनी खिशात घातला. काकू दुसऱ्या बाजूला पाहत होत्या असं मला वाटलं होतं. हदगाव गेल्यावर त्या म्हणाल्या, "घड्याळ नाई पाह्यलं त्याईनं."

नांदेडला काकू पहिल्या दिवशी दुपारभर झोपल्या. संध्याकाळी गुरुद्वाराच्या आवारात डोक्यावर पदर घेऊन त्या ज्या बसल्या, त्या दिवे लागले तरी उठल्या नाहीत. मुलगा त्यांच्या मांडीवर झोपून गेला. दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊ का म्हटलं तर म्हणाल्या, "नाई वाटत." आम्ही पुन्हा तिथंच गेलो आणि पुन्हा तसेच बसलो. बसल्या बसल्या त्या एकदाच बोलल्या. "त्याईले इथं आवडलं असतं. पण त्याईनं बसू दिलं नसतं."

"आता दिलं असतं," मी म्हणाले.

"पाहू," काकू म्हणाल्या.

परतीची गाडी वाटेत पंक्चर झाली. आम्ही पोचलो तेव्हा काका ओट्यावर होते. समोर पाण्याचा तांब्या, मांडीवर वही. मी मनात म्हटलं, झालं, आता सगळं मुसळ केरात. पण त्यांनी चहा सगळ्यांच्या हातात येईपर्यंत काही विचारलं नाही. चहा त्यांनीच केला होता. मग ते खाकरले.

"तपशील देतं का कोणी?"

यजमान सुरू होणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी देतो."

काका सावरून बसले. पेन्सिल हातात घेतली. त्यांचा आवाज भोंग्याचा राहिला नव्हता. "पह्यल्या दिवशी संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात गेले. किती वाजता निघाले तिथून?"

"पाह्यलं नाई."

त्यांनी वेळेच्या रकान्यात लिहिलं, 'पाहिलं नाही.' सुवाच्य अक्षरात, गाडीचा नंबर लिहावा तसं.

"दुसऱ्या दिवशी नदीचं ठरलं होतं. गेले नाई. कारण?"

काकूंनी कप खाली ठेवला. त्या त्यांच्याकडे सरळ पाहत होत्या, आणि याआधी कधी त्यांना असं पाहताना मी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"ल्याहा," काकू म्हणाल्या. "बसली."

काकांची पेन्सिल कागदाला टेकली आणि तशीच राहिली. माझी मुलगी काहीतरी विचारायला आली, तिला यजमानांनी मांडीवर ओढून घेतलं. मग काकांनी लिहिलं. काय लिहिलं ते मी बाजूला बसून पाहिलं. कारणाच्या रकान्यात 'बसली' लिहिलं, आणि लेटच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. वेळेवर आलेल्या गाडीपुढे ते तशी रेघ मारत.

पुढं माझी बदली मारेगावला झाली आणि आम्ही ते घर सोडलं. सामान भरायच्या दिवशी काकांच्या टेबलावर माझा शेवटचा चहा झाला. काचेखाली नांदेडचा तोच वेळ नसलेला कागद होता. खालचं 'मी येत नाही' तसंच होतं, त्यावर काट मारलेली नव्हती. पण त्याच्याखाली काकूंच्या, शाळा सुटून फार वर्षं झालेल्या अक्षरात, एक ओळ वाढली होती.

'या. वही ठेवून या.'